बोर्डिंगच्या दारात खरे सांगा

प्रति,
सुट्टीत कुत्री-मांजरे बोर्डिंगमध्ये ठेवून बाहेरगावी जाणारे सर्व पालक,
मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आणि जिथे जिथे ही सोय आता झाली आहे तिथे.



रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि दिवाळीच्या गाड्या त्याच सकाळी भरतात. तुम्ही त्या वेळी मोबाइल हातात घेऊन तयार असता. हॉटेल, गाडी, मुलांचे स्वेटर, आजीची औषधे, कुंड्यांना पाणी कोण घालणार, सगळे वेळेवर ठरते. घरातल्या कुत्र्याचा किंवा मांजराचा विचार मात्र निघायच्या आदल्या आठवड्यात सुरू होतो. हे पत्र त्या आठवड्याबद्दल आहे.

प्राण्याला मागे ठेवून जाण्याबद्दल तुम्हाला दोष देण्याचा इथे हेतू नाही. रेल्वेने कुत्रा सोबत बसवून न्यायचा तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत त्याची रवानगी होते. परदेशच्या आठ-दहा दिवसांच्या सहलीला तर त्याला नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एकत्र कुटुंबे राहिली नाहीत आणि शेजारच्या काकूही त्याच सुट्टीत गावी जातात. तेव्हा बोर्डिंग ही गरज आहे. तक्रार आहे ती जनावर तिथे ज्या अवस्थेत आणि ज्या घाईत पोचते त्याबद्दल.

वसुबारसेच्या संध्याकाळी कुठल्याही बोर्डिंगच्या फाटकाशी तासभर उभे राहिले तर हे चित्र दिसते. कॅब इंजिन चालू ठेवून थांबलेली. मागच्या सीटवरून एक लॅब्राडोर उतरतो. शेपूट पोटाशी, जीभ बाहेर, लाळ गळते आहे. लसीचे कार्ड चार घड्या पडलेले, शेवटचे स्टिकर पावणेदोन वर्षांपूर्वीचे. केअरटेकर त्याचा कान उलटून बघतो, तर घडीत वाटाण्याएवढी करडी गोचीड चिकटलेली. फॉर्मवर ‘स्वभाव’ या रकान्यात ‘फ्रेंडली’, ‘आजार’मध्ये ‘नाही’, ‘कधी चावला आहे का’ हा रकाना कोरा. सही झाली, पट्टा दुसऱ्याच्या हातात गेला, कॅब निघाली. पाच-सात मिनिटांत सगळे आटोपले. पुढचे दहा दिवस त्या कुत्र्याचे आणि त्याला सांभाळणाऱ्याचे कसे जाणार, हे या पाच-सात मिनिटांत आणि त्याआधीच्या महिन्यात ठरलेले असते.

म्हणून काही विनंत्या. क्रमाने सांगतो.

पहिली विनंती लसींबद्दल. लस टोचली की त्याच संध्याकाळी संरक्षण मिळाले, असा समज करून घेऊ नका. शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला दिवस लागतात. बोर्डिंगमध्ये पसरणारा कोरडा, घशात काहीतरी अडकल्यासारखा खोकला म्हणजे केनेल कफ. त्याची नाकात थेंब टाकून द्यायची लस काही दिवसांत काम करू लागते. इंजेक्शनची लस पहिल्यांदाच द्यायची असेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. लेप्टोस्पायरोसिसचेही तसेच. उंदरांच्या मुतातून पसरणारा हा आजार माणसालाही होतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने त्याची साथ सोसली आहे, त्यामुळे पावसाळ्यातल्या बोर्डिंगला या लसीशिवाय कुत्रा पाठवणे धोक्याचे. पिल्लाची लसींची मालिका साधारण १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालते. ती पुरी होण्याआधी त्याला दहा अनोळखी कुत्र्यांच्या अंगणात सोडू नये. पार्व्होचा विषाणू दूषित मातीत महिनोन्महिने तग धरतो आणि रोजच्या फिनेलच्या भरवशावर तो जात नाही, त्यासाठी ब्लीच वापरावे लागते. रक्ताचे जुलाब आणि उलट्या सुरू झालेले पिल्लू सलाइनवर ठेवूनही हाती लागेलच असे नाही. मांजरांच्या तिहेरी लसीचाही असाच आधीपासून हिशेब ठेवावा लागतो.

याला जोडूनच एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. तारीख उलटलेले कार्ड घेऊन तुमच्यापैकी काही जण डॉक्टरांकडे जातात आणि ‘मागची तारीख टाकून शिक्का मारून द्या’ म्हणतात. कृपा करून हे थांबवा. त्या शिक्क्यावर विश्वास ठेवून शेजारच्या पिंजऱ्यात कुणीतरी आपले जनावर ठेवलेले असते.

दुसरी विनंती गोचिडांची. आपल्याकडे कुत्र्याच्या अंगावर सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड घरात, पिंजऱ्यात, भिंतीच्या फटीत आपले सगळे आयुष्य काढू शकते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंत चढते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. एका कुत्र्याबरोबर आलेली मादी महिन्याभरात सगळ्या आवाराला पुरते. तिच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्ताचे आजार होतात, आपण ज्याला ‘टिक फीव्हर’ म्हणतो. एर्लिकियाची लक्षणे दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे कुत्रा घरी आल्यावर ताप चढतो, जेवण सुटते, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि मग कुणाच्या कुत्र्यामुळे कुणाला झाले यावर फोनवर भांडणे होतात. महिनाभर किंवा तीन महिने पुरणाऱ्या गोळ्या आता मिळतात. डॉक्टरांना वजन सांगून बोर्डिंगच्या आठ-दहा दिवस आधी ती गोळी द्या. मानेवर टाकायचे औषध वापरणार असाल तर त्याच्या आगेमागे दोन दिवस आंघोळ घालू नका. आणि घरात मांजर असेल तर एवढे पक्के लक्षात ठेवा, की कुत्र्यासाठीच्या ज्या औषधात परमेथ्रिन असते ते मांजराच्या अंगावर टाकले तर मांजर दगावू शकते.

तिसरी विनंती या पत्रातली सर्वांत महत्त्वाची आहे. फॉर्म खरा भरा.

‘चावला आहे’ असे लिहिले तर घेणार नाहीत, या भीतीने ते लपवले जाते. जेवताना ताटलीजवळ कुणी आले की गुरगुरतो, टोपी घातलेल्या माणसांवर धावतो, झोपेतून उठवले की दचकून तोंड मारतो, दार उघडे दिसले की पळतो, हे सगळे घरच्यांना ठाऊक असते. घरचे त्याला सांभाळून घेतात, त्यामुळे त्यांना ते दुर्गुण वाटतही नाहीत. पण पहाटे सहाला पिंजरा धुवायला येणाऱ्या मुलाला ते ठाऊक नसते. तो वाकतो, ताटली उचलतो आणि हात फोडून घेतो. मग जखम साबणाने पंधरा मिनिटे धुणे, सरकारी दवाखान्याची रांग, इंजेक्शनांच्या ठरलेल्या तारखा, बुडालेली रोजी. कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर दिलेली असली तरी त्या मुलाच्या वाट्याची ही धावपळ सहसा टळत नाही. तोच कुत्रा ताटलीपाशी गुरगुरतो हे आधी कळले असते तर त्याला वेगळ्या कोपऱ्यात जेवायला घालून ताटली नंतर उचलता आली असती. बहुतेक अनुभवी लोक असा कुत्रा नाकारत नाहीत. ते त्याची सोय वेगळी लावतात.

आजारांचेही तसेच. फिट येणाऱ्या कुत्र्याला फिनोबार्बिटोनची गोळी बहुधा बारा-बारा तासांनी चालू असते. ती अचानक बंद पडली तर एकामागून एक फिट येऊ शकतात आणि त्यात जीव जातो. ‘आता दोन महिन्यांत फिट आली नाही, मग कशाला सांगायचे’ हा विचार किती महागात पडू शकतो, ते यावरून दिसते. फिट येत नाही ती त्या गोळीमुळेच. हृदयाचे औषध, इन्शुलिन, सांध्यांचे दुखणे, जुने ऑपरेशन, कशाची अ‍ॅलर्जी हे सगळे एका कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, औषधाच्या नावासह आणि वेळेसह लिहा. डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी सोबत असू द्या, पण रात्री दहाला गोळी देणाऱ्याला ती वाचता येईल असे धरून चालू नका. कुत्री माजावर येण्याचे दिवस जवळ आले असतील तर तेही सांगा. माज साधारण सहा महिन्यांनी येतो आणि तीनेक आठवडे टिकतो, म्हणजे तुमच्या वहीत मागची तारीख असेल तर अंदाज बांधता येतो. ऐन दिवाळीत दहा नरांच्या आवारात माजावरची कुत्री आली, तर त्या रात्री कुणालाच झोप नाही.

चौथी विनंती सरावाची. ज्या कुत्र्याने जन्मात एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही, जो तुमच्या पायाशी किंवा सरळ गादीवर झोपतो, त्याला एकदम बारा दिवस परक्या जागी ठेवणे म्हणजे बालवाडीत न गेलेल्या मुलाला थेट वसतिगृहात घालणे. महिनाभर आधी त्याला तिथे दोन तास न्या. पुढच्या शनिवारी दिवसभर ठेवा. मग एक रात्र. पहिल्या रात्री तो जेवला नाही तरी घाबरू नका. परत नेल्यावर तिसऱ्या खेपेला तो बहुधा फाटकातून आपणहून आत जातो, कारण तुम्ही परत येता हे त्याला कळलेले असते. या सरावातच बोर्डिंगवाल्यालाही त्याच्या सवयी कळतात, आणि त्याला ती जागा मानवत नसेल तर दुसरी व्यवस्था करायला तुमच्या हाती वेळ उरतो.

मांजराची गोष्ट वेगळी. त्याचा जीव जागेत असतो. शक्य असेल तर मांजराला घरातच ठेवा आणि दिवसातून दोनदा येणारे विश्वासाचे माणूस बघा. बोर्डिंगच हवे असेल तर कुत्री दिसणार नाहीत, त्यांचे भुंकणे थेट कानावर येणार नाही अशी स्वतंत्र खोली आहे का ते पाहा. कॅरियर आयत्या वेळी माळ्यावरून काढू नका. दोन-तीन आठवडे आधी तो दिवाणखान्यात दार उघडे ठेवून मांडा, आत जुनी चादर घाला, खाऊ तिथे द्या. घाबरून दोन-तीन दिवस अन्नाला तोंड न लावलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. तेव्हा ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराला लागू नाही. एक दिवस पूर्ण उपाशी गेला तर कळवा, असे बोर्डिंगला सांगून ठेवा.

पाचवी विनंती खाण्याची. घरी जे खातो तेच सोबत द्या, रोजच्या मापाच्या पुड्या करून, दोन दिवसांच्या जास्तीच्या पुड्यांसह. जागा बदलल्याच्या ताणाने पोट आधीच बिघडलेले असते, त्यात अन्नही बदलले की जुलाब ठरलेले. अन्न बदलायचेच असेल तर ते घरी, आठवडाभर थोडे थोडे मिसळून बदला. आणि फराळाचे डबे तिथल्या मुलांना प्रेमाने नेऊन देता तेव्हा एक वाक्य सांगत जा: यातले काही प्राण्यांना घालू नका. चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, चॉकलेटने हृदयाची लय बिघडते. मांजराला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देणे म्हणजे विष देणे, हेही लिहून ठेवा.

सहावी विनंती फटाक्यांबाबत. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ, कुत्र्याची ४५,०००च्या आसपास. जो आवाज आपल्याला लांबचा वाटतो तो त्याच्या कानात घुसतो. घाबरलेला कुत्रा सहा फुटी जाळी चढतो, सैल पट्ट्यातून मान काढतो, उघड्या फाटकातून सुसाट निघतो. हस्तांतराच्या वेळी पट्ट्याबरोबर हार्नेसही असू द्या. पट्ट्यावर तुमचा नव्हे, तर सुट्टीत शहरात असणाऱ्या माणसाचा मोबाइल नंबर लिहा. पंधरा आकडी मायक्रोचिप बसवली असेल तर नोंदणीतला फोन नंबर जुना नाही ना, तेवढे बघा. फटाक्यांना फारच घाबरत असेल तर डॉक्टरांशी आधी बोला आणि औषध घरी एकदा देऊन बघा. बोर्डिंगवाल्याला परस्पर ‘झोपेची गोळी द्या’ सांगू नका. नुसती सुस्ती आली म्हणजे आतली भीती गेली असे होत नाही.

सातवी विनंती अवघड आहे, पण टाळता येणार नाही. तुम्ही लडाखला असाल, विमानात असाल, फोन लागणार नाही, आणि इकडे रात्री दोन वाजता कुत्र्याचे पोट फुगेल. ग्रेट डेन, डॉबरमन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून पिळवटते. तो ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही पडत नाही, पोट ढोलासारखे घट्ट होते. काही तासांत ऑपरेशन झाले नाही तर तो जातो. त्या क्षणी डॉक्टर विचारतात, सही कोण करणार, खर्च किती चालेल? उत्तर द्यायला तिथे कुणीच नसते. म्हणून जाण्याआधी एक संमतिपत्र लिहून द्या: उपचाराचा निर्णय कुणी घ्यायचा, किती रुपयांपर्यंत न विचारता खर्च करायचा, कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे, आणि काहीच उपाय उरला नाही तर काय करायचे. हे लिहिताना हात जड होतो, हे खरे. पण न लिहिता गेलात तर तो निर्णय दहा हजार रुपयांवर काम करणाऱ्या एखाद्या पोरावर येऊन पडतो.

आठवी विनंती: जागा स्वतः जाऊन बघा. प्राणिक्रौर्य प्रतिबंध कायदा १९६०चा. त्याखाली २०१७मध्ये श्वान पैदास आणि विक्रीचे, २०१८मध्ये पेट शॉपचे नियम आले. पण सुट्टीपुरता प्राणी सांभाळणाऱ्या घरगुती बोर्डिंगची त्यांच्यामुळे नीट तपासणी होईल, असे धरून चालू नका. इंग्लंडमध्ये २०१८च्या नियमांनुसार केनेललाच नव्हे तर घरी कुत्री सांभाळणाऱ्यालाही स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, तपासणी होते आणि एक ते पाच तारे मिळतात. आपल्याकडे ते तारे तुमच्या डोळ्यांनीच द्यायचे आहेत. इन्स्टाग्रामवरची हिरवळ बघून पैसे भरू नका. विचारा: रात्री आवारात कोण झोपते? एका माणसामागे किती प्राणी? फाटक दुहेरी आहे का? आजारी प्राण्यासाठी वेगळी खोली आहे का? डॉक्टर किती अंतरावर? दुपारी बाराला पत्र्याखाली किती तापते? पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना तर हा शेवटचा प्रश्न जीवन-मरणाचा आहे. चांगले बोर्डिंग चालवणारी माणसे या प्रश्नांनी रागावत नाहीत. उलट तुमच्याकडे लसीचे कार्ड मागणारा, सरावाची रात्र सांगणारा, फॉर्मवर खोदून खोदून विचारणारा बोर्डिंगवाला मिळाला तर त्याला ‘नखरे फार’ म्हणून सोडू नका. तोच निवडा.

शेवटची विनंती परतीची. ठरल्या दिवशी या. दोन दिवस उशीर होणार असेल तर कळवा आणि पैशांचे बोला. काही जण येतच नाहीत. फोन बंद, पत्ता जुना, आणि म्हातारा झालेला कुत्रा दुसऱ्याच्या गळ्यात. १९६०च्या कायद्याचे कलम ३ प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या देखभालीची जबाबदारी टाकते. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे कलम ११नुसार गुन्हा आहे. त्याचा पहिल्या वेळचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे. एवढ्या दंडाला कुणी भीत नाही, त्यामुळे इथे कायद्यापेक्षा तुमच्याकडूनच जास्त अपेक्षा आहे.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी पाहुणे नकोत, पाणी थोडे थोडे, जेवण हलके. पुढचे दोन-तीन आठवडे खोकला, जुलाब, ताप, सुस्ती यांवर लक्ष ठेवा आणि काही आढळले तर डॉक्टरांबरोबर बोर्डिंगलाही कळवा. तक्रार करायला नव्हे, तर त्या दिवसांत तिथे असलेल्या बाकीच्या प्राण्यांच्या घरी निरोप जावा म्हणून.

पुढच्या सुट्टीचे तिकीट ज्या दिवशी काढाल, त्याच दिवशी लसीचे कार्ड बाहेर काढून शेवटची तारीख बघा, बोर्डिंगला फोन करून सरावाचा शनिवार ठरवा, आणि फॉर्म आधीच मागवून घेऊन घरातल्या सगळ्यांनी मिळून भरा. ‘कधी चावला आहे का’ हा रकाना या वेळी कोरा ठेवू नका.



आपला,
एक श्वानपालक